निळ्यातला ठिपका

त्या बाईंचं मनगट माझ्यामुळे मोडलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण नंतर लिहायला ठेवलं तर मी त्याच्याभोवती इतकी कारणं रचेन की वाचणाऱ्याला शेवटी माझीच दया येईल. वर्षभर मी तेच केलं. फिनलंडमधल्या एका गोठलेल्या तळ्यावर त्या घसरून पडल्या, तेव्हा मी दोह्यात, अल थुमामातल्या आमच्या घरी, पायात मोजे घालून सोफ्यावर बसलो होतो. त्यांना मी तोवर कधी पाहिलंही नव्हतं. इतक्या लांबून एखाद्याचा हात मोडता येतो, हे मला तेव्हा कळलं.

आज सकाळी रेवाला, आमच्या मुलीला, विमानात बसवून आलो. पोचल्याचा निरोप अजून आलेला नाही. विमान कुठवर गेलं हे फोनवर बघता येतं. फोन मी स्वयंपाकघरात, फ्रीजवर ठेवला आहे, आणि इथे बसून लिहितो आहे.

इथला हिवाळा आधी कानाला कळतो. नोव्हेंबर सरताना एखाद्या सकाळी वैशाली, माझी बायको, एसी बंद करते आणि खिडक्या उघडते. सात-आठ महिने अखंड चाललेली घरघर थांबते आणि घरात अशी शांतता पसरते की पहिला अर्धा तास कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतं. मग बाहेरचे आवाज एकेक करून आत येतात. खालच्या इजिप्शियन कुटुंबाच्या स्वयंपाकघरातलं उलथनं, मशिदीतली बांग, आणि विमानं. आमच्या घरावरून ती इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. बाकीचे लोक या दिवसांची वाट पाहतात. वाळवंटात तंबू पडतात, चौकाचौकात पेटुनियाची रोपं लागतात, अठरा अंशांवर पारा आला की ऑफिसात सगळे हात चोळत ‘काय थंडी आहे’ म्हणतात. मलाही हे दिवस आवडायचे. यंदा एसी बंद झाला तो नको वाटला. त्या शांततेत मला गेल्या वर्षीचा डिसेंबर ऐकू येतो.

माझं काम सेफ्टीचं. उत्तरेकडच्या एका गॅस प्लांटवर गेली एकोणीस वर्षं मी परमिटं देतो, म्हणजे खरं तर नाकारतो. कुणाला टाकीत उतरायचं असेल, उंचावर चढायचं असेल, वेल्डिंग करायचं असेल, तर आधी माझ्याकडे कागद येतो आणि मी विचारतो, यात काय काय बिघडू शकतं? एकच प्रश्न एवढी वर्षं विचारला की तो अंगात मुरतो. संध्याकाळी बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. रेवा झोपाळ्यावर बसली की मला साखळीची झिजलेली कडी दिसायची. ती पोहायला उतरली की मी काठाने चालत राहायचो, ती ज्या दिशेला जाईल त्या दिशेला. “अहो, पोहतेय ती,” वैशाली म्हणायची, “दमताय तुम्ही.”

नव्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये मी एक गोष्ट ठासून सांगतो. रेडिओवर ‘मला वाटतं’ म्हणायचं नाही. ‘बहुतेक’ म्हणायचं नाही. ‘बहुतेक आग लागली असावी’ म्हणालात तर ऐकणारा आधी त्याचा चहा संपवतो. काय झालं ते एका वाक्यात सांगा, जागा सांगा, खलास. हे पुढे लागणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

रेवा नऊ वर्षांची असताना सायमन आम्हाला अल वक्राच्या किनाऱ्यावर घेऊन गेला होता. सायमन वसईचा. इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. मराठी मंडळींच्या एका सहलीत ओळख झाली ती टिकली. आमच्या घरात मासा शिजत नाही, पण पाण्यात गळ टाकून बसायला काय हरकत, म्हणून गेलो. त्याच्याकडे काठीबिठी काही नव्हती. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला नायलॉनचा, तंगुसाचा दोरा, टोकाला शिशाचा तुकडा, वर गळ, गळाला सोललेली कोळंबी. दोरा पाण्यात सोडून त्याने तो रेवाच्या तर्जनीवरून घेतला आणि म्हणाला, “बेबी, आता हे बोट म्हणजे तुझा कान. बोटाने ऐकायचं.”

रेवा ऐकत बसली. एवढं स्थिर बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वीसेक मिनिटांनी तिचे डोळे मोठे झाले. “बाबा,” ती कुजबुजली, “समवन इज देअर.”

“थांब,” सायमन म्हणाला. “चाखू दे त्याला.”

मी मात्र थांबलो नाही. तंगूस तिच्या बोटात रुतेल, मासा ओढेल, ती पुढे जाईल, दगड शेवाळलेले आहेत, हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि मी तिच्या हातातला दोरा हिसकून वर खेचला. गळ रिकामा आला. अगदी रिकामा नव्हता. त्याच्या टोकाला माशाच्या ओठाचा पातळ, पांढुरका तुकडा होता.

रेवा रडली नाही. तिने तो तुकडा नखाने सोडवून पाण्यात टाकला आणि बाटलीला दोरा गुंडाळायला लागली. “सर,” सायमन म्हणाला, “तुम्ही माशालापण परमिट घ्यायला लावाल.” सगळे हसले, मीही हसलो. परतताना गाडीत ती मागच्या सीटवर एका हातात दुसऱ्या हाताची तर्जनी धरून बसली होती. कापलं की काय म्हणून मी गाडी बाजूला घेतली. “नो, बाबा,” ती म्हणाली, “आय ॲम जस्ट रिमेंबरिंग.”

मराठी तिला सगळं कळतं. उत्तर इंग्रजीत येतं. फार राग आला किंवा फार माया आली की मराठीत येतं, त्यामुळे तिचं मराठी ऐकलं की मला आधी धास्तीच वाटते.

माझ्या डोक्यात बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी. नाशिकला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसवंती होती. उन्हाळ्यात तिथे हातगाडीवरून गोणपाटाखाली लादी यायची आणि रस्त्यावर पाण्याची रेघ ओढत यायची. बर्फ म्हणजे जो आणताआणताच संपत असतो. त्याच्यावर माणूस उभा राहतो, स्टूल टाकून बसतो, थर्मासमधली कॉफी पितो, हे मी ऐकून होतो, पण माणूस चंद्रावर चालला हे आपण जसं ऐकून असतो तसं.

दीड वर्षापूर्वी रेवा पाण्याचा अभ्यास करायला फिनलंडला गेली, तेव्हा मी एकच अट घातली. तिच्या फोनचं लोकेशन मला सतत दिसलं पाहिजे. “परमिट टू वर्क?” तिने विचारलं. “तसंच समज,” मी म्हणालो. डबा भरताना, प्लांटच्या बसमध्ये, दुपारच्या नमाजाच्या सुट्टीत मी नकाशा उघडायचो. ठिपका घरी. ठिपका विद्यापीठात. ठिपका दुकानात. वैशाली मुलीशी बोलायची, मी ठिपक्याशी.

तिने एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरची खोली घेतली होती. बाईंचं नाव हेल्मी, वय बहात्तर, नवरा गेलेला, घरामागे तळं. मला एवढंच माहीत होतं. तळं गोठल्यावर रेवा त्यांच्याबरोबर बर्फावर बसून मासे धरायला जाते, हे वैशालीला माहीत होतं. दोघींनी ठरवून मला सांगितलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तो शनिवार होता. वैशाली मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेली होती. तिचा फोन पर्समध्ये, पर्स कुठल्यातरी खुर्चीवर. बाहेर कोवळं ऊन होतं. मी चहा घेऊन बसलो, नकाशा उघडला, आणि ठिपका निळ्यात होता.

काठावर नव्हता. चांगला आत होता. मी दोन बोटांनी नकाशा मोठा केला, तसे दोन्हीकडचे किनारे सरकत पडद्याबाहेर गेले आणि नुसतं निळं राहिलं. मध्ये ती. नकाशा हिवाळ्यात रंग बदलत नाही. तळं दगडासारखं गोठलं तरी नकाशात ते पाणीच असतं. ज्याने एक हिवाळा तिथे काढला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. मी बाहेर शहाळ्याचं पाणी पिण्यासारखी हवा असलेल्या गावात बसलो होतो.

ठिपक्याखाली लिहून आलं होतं, बावन्न मिनिटांपूर्वी. फोन लावला, बंद. त्रेपन्न. वैशालीला लावला, वाजून थांबला. पुन्हा लावला. चोपन्न. थंडीत फोनची बॅटरी बसते हेही मला माहीत नव्हतं. थंड पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो याचा तक्ता मात्र मला पाठ होता, कारण तो माझ्याच ट्रेनिंगच्या स्लाइडवर आहे. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला मी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून सुट्टीच्या दिवसाचा मदतीचा नंबर शोधून लावला.

एका मुलीने उचलला. आवाज रेवाच्याच वयाचा, बहुधा तिथलीच विद्यार्थिनी. तिने शांतपणे विचारलं, काय झालं आहे?

माझ्याकडे खरं उत्तर होतं. मुलगी फोन उचलत नाही, नकाशात ती तळ्याच्या मध्यभागी दिसते, मला भीती वाटते. एवढंच म्हणालो असतो तर ती मुलगी नक्की म्हणाली असती, सर, तळं गोठलंय, तिथे सगळे फिरायला जातात. पण ‘मला वाटतं’ हे मी एकोणीस वर्षं कुणाला म्हणू दिलेलं नाही. मी माझा रेडिओवरचा आवाज लावला आणि म्हणालो, “माझी मुलगी तळ्यात पडली आहे.” जागा सांगितली. तिने विचारलं, “तुम्हाला नक्की माहीत आहे?” मी म्हणालो, “हो. तिच्या मैत्रिणीने पाहिलं. तिचा मला फोन आला.”

ती मैत्रीण मी कुठून आणली, मला आजही माहीत नाही. इतकी सहज आली की तिचं नाव विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं.

पुढचं मला रेवाकडून कळलं. ती आणि हेल्मीबाई बर्फात पाडलेल्या आपापल्या भोकापाशी स्टुलावर बसल्या होत्या. किनाऱ्यावर बचाव पथकाची गाडी आली, नारिंगी कपड्यातली दोन माणसं घसरगाडी ओढत बर्फावर उतरली, भोंग्यावरून ओरडायला लागली. हेल्मीबाईंना वाटलं, तळ्यावर कुणीतरी बुडतंय. त्यांचं बालपण त्या तळ्यावर गेलेलं. बुडणाऱ्याला काय लागतं ते त्यांना ठाऊक. त्या पहार घेऊन, वय विसरून, मदतीला धावल्या. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ साफ केलेला एक काचेसारखा पट्टा होता. तिथे त्यांचा पाय गेला आणि उजवा हात अंगाखाली आला.

आपण बुडतोय हे रेवाला त्या नारिंगी माणसाकडून समजलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. “बाबा, कुणी सांगितलं मी पडले म्हणून?” मराठीत विचारलं तिने. वैशाली शेजारी उभी होती. आणि मी म्हणालो, “मी म्हटलं, पडली असेल का बघा. त्या मुलीला माझं इंग्रजी कळलं नसेल.”

रेवाने ते मान्य केलं. परक्या देशात आपल्या आईबापांचे उच्चार लोकांना कळत नाहीत याचा तिला लहानपणापासून राग आहे. माझी बाजू घेऊन तिने विद्यापीठाला तक्रार लिहिली, की खातरजमा न करता पथक पाठवलं. उत्तर आलं की संबंधित विद्यार्थिनीला त्या कामावरून कमी केलं आहे. रेवाने ते मला मोठ्या समाधानाने वाचून दाखवलं. मी म्हणालो, “राहू दे गं आता.” एवढंच म्हणालो.

मग तिने लोकेशन बंद केलं. नकाशा उघडला की तिच्या जागी काहीच नसायचं.

माफी मी त्या दिवसांत सतत मागत होतो. ‘सॉरी बेटा, पण बापाचं काळीज आहे.’ ‘सॉरी, पण तू मला सांगितलं असतंस तर.’ वैशालीच्या फोनवरून हेल्मीबाईंनाही निरोप पाठवला, की झाल्या गोंधळाबद्दल दिलगीर आहोत. झाल्या गोंधळाबद्दल! जणू गोंधळ कुठूनतरी स्वतःच चालत आला होता. रेवाचे फोन आखडत गेले. “बरी आहे. जेवले. ठेवते.” हे मराठीत.

हेल्मीबाईंच्या मनगटाचा एक्स-रे तिने आईला पाठवला, वैशालीने तो सायमनला दाखवला. आमच्या बैठकीत, हातातली चकली बाजूला ठेवून त्याने फोन उजेडाकडे धरला. “पडताना माणूस हात पुढे टाकतो ना, तिथेच मोडतं हे,” तो म्हणाला. “जुळेल. पण या वयात पूर्ण वळणार नाही, सर. किल्ली फिरवायला त्रास होईल.” नंतर कितीतरी दिवस, दाराला किल्ली लावताना माझा हात कुलपापाशी थबकायचा.

हेल्मीबाईंचा तो हंगाम गेला. बर्फावर पर्च नावाचा मासा धरतात. हिरवट अंगावर काळे पट्टे, पर लालभडक, पाठीवर काटे. त्याच्यासाठी त्या साठ वर्षं दर हिवाळ्यात त्या तळ्यावर बसत आल्या होत्या. आता त्या हात गळ्यात बांधून नुसत्या स्टुलावर बसायच्या आणि रेवाकडून काम करून घ्यायच्या. रेवा त्याचे व्हिडिओ आईला पाठवायची. वैशाली फोन टेबलावर ठेवून आंघोळीला जायची, आणि जाताना म्हणायची, “मी काही फोन लॉक केलेला नाही.” असं मी ते सगळं शिकलो, चोरून.

आधी पहार. पाऊल टाकण्याआधी पुढे पहारीचा घाव घालायचा, आवाज ऐकायचा, मग पाऊल. बर्फ भरीव वाजला तर पुढे, पोकळ वाजला तर मागे. गळ्यात दोरीला लाकडी मुठीचे दोन टोकदार खिळे. बर्फ फुटलाच तर ते रुतवून स्वतःला बाहेर ओढायचं. शेजारी शेजारी चालायचं नाही, अंतर ठेवायचं. हे सगळं पाहताना माझे कान तापले. त्या तळ्यावर त्या दिवशी कुणी परमिट मागितलं असतं, तर मी डोळे झाकून सही केली असती.

मग गिरमिट. सुताराचं असतं तसंच, पण माणसाच्या छातीपर्यंत उंच. ते फिरवत बर्फात उतरवायचं. शेवटच्या फेऱ्याला पाणी उसळून वर येतं. भोकात बर्फाचा चुरा तरंगतो, तो झाऱ्याने काढायचा. रेवाने खरोखरच आपल्या घरचा बुंदीचा झारा नेला होता. वैशालीला तो दिवाळीत सापडत नव्हता. मग वीतभर काठी आणि बारीक दोरा. गळ तळापर्यंत सोडायचा, थोडा वर घ्यायचा. उचलायचा, पडू द्यायचा, आणि थांबायचं. पर्च हलत्या आमिषाकडे येतो, पण तोंड लावतो ते आमिष थांबल्यावर. बहुतेक लोक, हेल्मीबाई म्हणतात, नेमकं तेव्हाच पुन्हा हलवतात. आणि चावला तरी हिसका द्यायचा नाही. त्याच्या तोंडाची कड कागदासारखी असते, फाटते. वजन लागलं की मनगट हळूच उचलायचं आणि एका लयीत दोरा वर घ्यायचा. भोकाच्या कडेला घासून दोरा तुटतो, म्हणून शेवटच्या हातभर अंतरात सगळ्यात सावकाश.

एक व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. त्यात फक्त भोक होतं. काळं पाणी, काठीचं टोक, मधूनच रेवाच्या श्वासाची वाफ. पहिल्यांदा मी तो पुढे ढकलत पाहिला, काय होतंय ते शोधत. काहीच होत नाही. दुसऱ्यांदा पूर्ण पाहिला. चौथ्या मिनिटाला माझा पाय आपोआप हलायला लागला. सातव्या मिनिटाला मला वाटलं, कडा खचतेय. नवव्या मिनिटाला हेल्मीबाईंचा आवाज येतो, दोन शब्द, आणि रेवा हसते. अकराव्या मिनिटाला व्हिडिओ संपतो. ती हसली कशाला, हे विचारायची मला सोय नव्हती.

जानेवारीत मी सायमनला म्हणालो, मला शिकव.

“सर, तुम्ही मासे खात नाही. मारायला कशाला येता?”

“थांबायला शिकायचंय.”

“मग गाडीच्या तपासणीच्या लायनीत उभे रहा. फुकटात शिकाल.”

पण त्याने शिकवलं. दर शुक्रवारी सकाळी वक्राचा किनारा, बाटली, दोरा, कोळंबी. धुकं असलं की समुद्र आणि आकाश एकाच रंगाचं व्हायचं आणि दोरा कुठे शिरतो तेच दिसायचं नाही. “बघू नका,” तो म्हणायचा. “बोटाने ऐका. हा प्रवाह, हा सारखा ओढतो. हा खेकडा, हा करवतीसारखा. आणि ही शेरी मासळी. ती घेते, सोडते, पुन्हा घेते. विचार करते बिचारी. ती निघाली की मग तुम्ही.” मी प्रत्येक वेळी विचार करणाऱ्या माशाला हिसका दिला. आठ शुक्रवार. सायमन मोजत होता. “तुमची भीती दोऱ्यातून खाली जाते, सर. मासे वसईपर्यंत सांगत असतील, तो नाशिकवाला आलाय.” नवव्या शुक्रवारी एक शेरी लागली. मी ती त्याला दिली, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसलो. कुणाला सांगावं, तर जिला सांगायचं तिला आधी दुसरंच काही सांगायचं राहिलं होतं.

योग्य वेळ आली की सांगू, असं मी ठरवलं. फोनवर नको. परीक्षा होऊ दे. उन्हाळा होऊ दे. यंदा ती नाताळच्या सुट्टीत येणार म्हटल्यावर, आल्यावर सांगू. ती आली. चार दिवस गेले, आठ गेले. तिने आईसाठी झारा परत आणला होता. माझ्याशी ती नीट बोलत होती, पाहुण्यांशी बोलतात तशी. रोज सकाळी मी वाक्य तयार करायचो आणि चहाबरोबर गिळायचो. मनात एकच येई, की हे सांगितलं तर ती पुन्हा फोनसुद्धा करणार नाही. न सांगून निदान ‘बरी आहे, जेवले’ एवढं तरी मिळत होतं.

परवाच्या शुक्रवारी आम्ही वक्राला गेलो. सायमन करक चहा आणायला गेला. रेवा दगडावर बसली, मी दोरा सोडून तर्जनीवर घेतला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. “नॉट बॅड,” म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हेल्मीबाई होत्या, व्हिडिओवर. तिकडे त्या दिवशी वर्षातला पहिला चांगला बर्फ धरला होता आणि त्या बाहेर बसल्या होत्या. लोकरी टोपी, लाल नाक. काठी डाव्या हातात होती. रेवाने फोन फिरवून त्यांना समुद्र दाखवला, मग मला दाखवलं. बाईंना इंग्रजी जेमतेम येतं, आणि रेवा आता त्यांच्या भाषेत अडखळत बोलते. त्या काहीतरी म्हणाल्या आणि रेवा हसली.

“बाबा, ती विचारतेय, तुमच्या पाण्याला झाकण नाही. भीती नाही वाटत?”

मी हसलो नसेन, कारण बाईंनी लगेच डावा हात वर करून हलवला, जणू सगळं ठीक आहे असं मलाच सांगत होत्या. “उजवा अजून वळत नाही पूर्ण,” रेवा म्हणाली. “डाव्याने शिकतेय. शी सेज, द फिश डोन्ट माइंड.”

माझ्या बोटाखाली काहीतरी आलं. टक. मग काही नाही. पुन्हा टक.

“थांब, बाबा,” रेवा म्हणाली.

थांबलो. आणि थांबल्याथांबल्या मला जाणवलं की वर्षभर मी ज्याला थांबणं म्हणत होतो त्यात हे बोट नव्हतं. सायमनचं, या बाईंचं थांबणं जागं असतं. मी नुसता दोरा पाण्यात टाकून घरी जाऊन बसलो होतो. बोटाखालचं वजन सरकलं, निघालं. मी मनगट उचललं नाही. दोरा सैल झाला, जे काय होतं ते गेलं.

“बाबा! आता घ्यायचं होतंस.”

“रेवा,” मी म्हणालो, “यांना माझं एक सांग. मी बोलतो तसं सांग, वाक्य वाक्य.”

“काय?”

“सांग, गेल्या वर्षी त्या मुलीला फोनवर माझं इंग्रजी नीट कळलं होतं.”

तिने सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबली. फोन तिच्या हातात तसाच. पडद्यावर हेल्मीबाई काठीचं टोक बघत होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“म्हणजे?” रेवाने मला विचारलं.

“मी ‘पडली असेल’ म्हणालो नव्हतो. ‘पडली’ म्हणालो. तुझ्या मैत्रिणीने पाहिलं, असंही म्हणालो.”

“कुठली मैत्रीण?”

“कुणी नव्हती.”

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती, काळजाची, तक्त्याची, अठ्ठावन्न मिनिटांची. एकही बाहेर येऊ दिलं नाही. शेवटी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बोल. पुढे बोल. मी सांगते तिला.”

मी त्या लहानशा पडद्याकडे पाहून बोललो, आणि प्रत्येक वाक्यानंतर रेवाचं सांगून होईपर्यंत गप्प राहिलो.

“हेल्मीबाई, तुम्ही त्या दिवशी ज्याला वाचवायला धावलात, तसं कुणी नव्हतं. ते मी रचलेलं होतं. तुमचा हात माझ्या खोट्यापायी मोडला. तुमचा हिवाळा गेला. नंतर दोष मी फोनवरच्या त्या मुलीला लावला, आणि तिचं काम गेलं तेव्हाही गप्प बसलो. विद्यापीठाला मी आज खरं लिहून कळवतो. रेवा, तू माझ्यासाठी भांडलीस, आणि मी तुला भांडू दिलं. माझं चुकलं. तुम्ही दोघी मला माफ करा.”